शेजाऱ्याची सही

हवालदारानं प्लास्टिकची खुर्ची पेरूच्या सावलीत ओढली, मांडीवर पासपोर्टच्या चौकशीचे कागद पसरले आणि वर न पाहताच सांगितलं, शेजारचा एक माणूस बोलवा, तुम्हाला ओळखणारा.

लोकेंद्र रहांगडाले दोन दिवसांपासून याच क्षणाला भीत होता. मग त्यानं कुंपणावरून हाक दिली. शेजारचे म्हातारे चुन्नीलाल तयारच होते. धुतलेला सदरा घालून ते काठीच्या आधारानं आले.

तसं अवघड काही नव्हतं. लोकेंद्र फुलचूरच्या या घरात बारा वर्षं राहतो, एवढंच शेजाऱ्यानं सांगायचं होतं. ते लिहून गेलं की पासपोर्ट, मग व्हिसा, आणि उन्हाळ्याआधी आयर्लंड. लोकेंद्रची बायको रेणू नर्स होती. तिथल्या एका दवाखान्यानं तिला घेतलं होतं, तिचे कागद कधीच तयार झाले होते. जाऊ तर दोघं, एकटी जाणार नाही, असं तिनं एकदाच सांगितलं होतं.

लोकेंद्र अठ्ठेचाळीस वर्षांचा. धानाच्या शेतीशिवाय त्याला काही कळत नव्हतं, आणि इंग्रजीत सहीपलीकडे काही येत नव्हतं. रेणू कामावर गेल्यावर त्या परक्या घरात दिवसभर काय करायचं, कुणी दार वाजवलं तर काय बोलायचं, याच विचारात तो रात्री जागा राही. नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयात यंत्रानं त्याच्या अंगठ्याचा ठसा तीनदा नाकारला. चिखलात रेषा झिजल्या होत्या. तेव्हा त्याला चक्क सुटल्यासारखं वाटलं होतं. चौथ्यांदा ठसा उमटला.

परवा संध्याकाळी तो नेहमीसारखा चुन्नीलालांना पेपर वाचून दाखवायला गेला होता. मोतीबिंदूमुळे त्यांना अक्षर दिसत नसे. एका बातमीच्या मध्येच तो थांबला आणि त्यानं सांगून टाकलं, की हवालदार आला तर म्हणा, हा इथं राहत नाही. चुन्नीलालांनी कारण विचारलं नाही. पुढं वाच, एवढंच म्हणाले.

आता हवालदारानं त्यांचं नाव, वय, धंदा लिहून घेतला. राइस मिलमध्ये चाळीस वर्षं मुकादम होतो, असं चुन्नीलालांनी न विचारता दोनदा सांगितलं.

"समोरचा माणूस दिसते का तुम्हाले?" हवालदारानं विचारलं.

"आवाज ओळखतो जी. चेहरा पाहून करायचं काय?"

हवालदार हसला. मग त्यानं विचारलं, हे इथंच राहतात ना?

चुन्नीलालांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "नाही साहेब. हा तिरोड्याकडे शेतावर राहते. इथं महिन्यातून एखाद्या वेळी येते."

पेन थांबलं. त्याच वेळी रेणू चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. तिनं ऐकलं, हे लोकेंद्रला कपांवरून कळलं. ते बशांवर किणकिण वाजत होते. दोन दिवसांच्या लेकराच्या हातात शीर शोधणारे ते हात थरथरताना त्यानं कधी पाहिले नव्हते.

"बाई, तुमचे मिस्टर इथं राहत नाहीत म्हणे," हवालदार म्हणाला. "मी असं लिहिलं का अर्ज वापस जाते."

मोठ्या डॉक्टरांना तोंडावर ऐकवणारी रेणू ट्रेकडे पाहत उभी राहिली. तिनं भांडावं म्हणून लोकेंद्रनं वाट पाहिली. कप वाजत राहिले. ते त्याला सहन होईना.

"इथंच राहतो साहेब," तो म्हणाला. "धानाच्या रोवणीच्या दिवसांत तेवढा शेतावर असतो. ह्यांले मीच तसं सांगाले लावलं."

"काऊन?" हवालदारानं कारण विचारलं.

"भेव लागून राहिलं होतं."

हवालदारानं त्याच्याकडे नीट पाहिलं. लोक बाहेर जाण्यासाठी नवस करतात, असं काहीसं तो पुटपुटला आणि लिहू लागला. नंतर त्यानं कागद चुन्नीलालांपुढे धरला. त्यांना ओळ सापडेना, तेव्हा लोकेंद्रनं कागदावर बोट ठेवलं. चुन्नीलालांनी त्याच्या नखाला लागून सही केली.

"पेपरवाल्याले सांगतो," उठताना ते म्हणाले. "आता टाकू नको. वाचून कोण दाखवते?"

ते गेले. चहा पिऊन हवालदारही गेला. दोन कप तसेच राहिले होते. रेणू रिकाम्या खुर्चीत बसली. लोकेंद्र तिच्यासमोर उभा राहिला.

"परवा संध्याकाळी मी बी गेली होती चुन्नीलालभाऊकडे," ती म्हणाली. "हेच सांगाले, का हा इथं राहत नाही म्हणा. दारात तुमच्या चपला दिसल्या, अन् वापस आली."

मग तिनं एक कप बशीसकट उचलला. तो पुन्हा वाजू लागला. लोकेंद्रनं वाकून तिच्या हातावर आपला हात ठेवला. कप वाजायचा थांबला नाही.