रानकुत्र्यांची सोयरीक

"कानामागं पण घास," भेकिफा बाबा म्हणाले. "माझ्या पोरींना अर्धवट काम खपत नाही."

वुकानीनं बेशुद्ध कुत्रा उचलला आणि बेशुद्ध कुत्रीवर परत घासला. मान मानेवर, पोट पोटावर, शेपटीचं बूड शेपटीच्या बुडावर. रानकुत्र्याच्या अंगाला एरवीच असा वास, की माशीनंसुद्धा नाक धरावं. इथं पाच होते. तीन भाऊ, दोन बहिणी, सगळे सुई टोचून आडवे केलेले, आणि वुकानी त्यांना एकमेकांत कालवत होता. वास लागू नये म्हणून जनावरांच्या डॉक्टरनं दिलेला अंगरखा त्यानं उकडतंय म्हणून केव्हाच काढून टाकला होता.

"बाबा, तुम्ही जरा हात लावता का?"

"मी मुलीकडचा," बाबा म्हणाले आणि खुर्ची सावलीत सरकवली.

मुलीकडचा. हे पहिल्या दिवसापासून चाललं होतं. बाबा दूरच्या अभयारण्यातून या दोन ठिपकेदार बहिणींना घेऊन आले, तर फाटकाशी गाडीतून उतरेचनात. का, तर कुळाचं नाव घेऊन कुणी स्वागत केलं नाही. मग वुकानी बिचारा भर उन्हात "या न्यामबोसे, उतरा न्यामबोसे" करत उभा, आणि मागं पिंजऱ्यात नवऱ्या मुली लाकडं कुरतडतायत.

एवढं करून सोयरीक जमेना ती जमेनाच. मधे जाळी, अलीकडं वुकानीनं सांभाळलेले भाऊ, पलीकडं बहिणी. बहिणी भावांवर गुरगुरायच्या, वुकानीवर गुरगुरायच्या, वुकानीच्या सावलीवर गुरगुरायच्या. गुरगुरायच्या नाहीत ते फक्त बाबांवर.

"तुझे पोरगे नुसते लोळतात," बाबा म्हणायचे. "शिकार करतात, का सरकारी नोकरीत आहेत?"

"आणि तुमच्या पोरी तोंडानं फटकळ."

"त्यांची आई बघायला हवी होतीस. या गरीब आहेत."

वुकानी हसायचा, पण नजर भावांवरच असायची. हे तीन भाऊ म्हणजे एका अख्ख्या कळपातले उरलेले. बाकीचे हरणांसाठी लावलेल्या तारेच्या फाशांत गेले, आणि त्या तारा कापून काढायला वुकानीच गेला होता. या हिवाळ्यात पिल्लं झाली तर पुन्हा कळप. नाहीतर तीन म्हातारे होत जाणारे भाऊ, आणि मग कुणीच नाही. त्यात बाबांनी जाहीर केलं, "उद्या सकाळी गाडी येतेय. पोरी नांदत नाहीत तिथं ठेवायच्या कशाला?"

तेव्हा डॉक्टर झिबुयिलेनं हा शेवटचा उपाय काढला. रानकुत्री आपलं माणूस वासावरून ओळखतात. सगळ्यांचा वास एक करून टाकायचा.

"असला अचरटपणा माझ्या पोरींशी चालणार नाही," बाबा म्हणाले.

डॉक्टर शांतपणे म्हणाली, "बाबा, तुमची सून घरात आली तेव्हा बकरं कापून तिच्या अंगावर पित्त का शिंपडलंत?"

"पूर्वजांना वास लागावा म्हणून. नाहीतर त्यांना कसं कळणार, ही आपल्या घरची का..." बाबा थांबले. टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "मग नीट घासा," म्हणाले, आणि खुर्ची मागवली.

ऊन उतरलं तशी कुत्री शुद्धीवर आली, मधली जाळी काढून एकाच कुंपणात ठेवलेली. उठली, पडली, दारू उतरताना माणसं चालतात तशी चालली. जो तो दुसऱ्याला हुंगायचा आणि चक्रावायचा. गुरगुर मात्र नाही. वुकानीनं आशेनं बाबांकडं पाहिलं.

"गुंगी आहे," बाबा म्हणाले. "गुंगीत कोण नाही म्हणतं?"

वुकानी घरी जायला रस्त्यावर आला, तर मिनीबसवाल्यानं खिडकी उघडली, एक श्वास घेतला आणि गाडी भरधाव सोडली. पुढच्यानंही तेच. शेवटी तो परत येऊन चाऱ्याच्या खोलीत झोपला, त्याच पाच वासांत.

सकाळी त्यानं आत एक मेलेलं हरीण टाकलं आणि बाहेर कुंपणाच्या जाळीशी उकिडवा बसून राहिला. पाचही जणांनी हरणात एकदम तोंड घातलं. भांडण नाही, ओढाओढ नाही.

"जेवले की एकत्र," डॉक्टर हळूच म्हणाली.

"पंगतीला वैरीसुद्धा बसतो," बाबा म्हणाले. तेवढ्यात फाटकाशी गाडी वाजली. ते पिंजऱ्यांची दारं उघडायला निघाले.

मोठी बहीण हरणावरून उठली. सरळ जाळीकडं, सरळ वुकानीकडं आली. वुकानी दगड झाला. इतके दिवस त्याला दात दाखवणारी ती, आता वाटीसारखे गोल कान पाडून त्याच्यासमोर उभी. तिनं त्याला हुंगलं. मान खाली घातली. अंग एकदा कुबडासारखं वर उचललं, आणि ताज्या मांसाचा गरम ढीग जाळीखालून थेट त्याच्या बुटांवर ओकली.

डॉक्टरनं तोंडावर हात ठेवला. रानकुत्री असं पोटातलं काढून देतात ते बिळातल्या पिल्लांना, लंगड्याला, मागं राहिलेल्या म्हाताऱ्याला. घरच्यांना. परक्याला कधीच नाही.

मागून एक भाऊ आला, तिच्या मानेत नाक खुपसून, रानकुत्री लाडात आली की करतात तसा, पाखरागत चिवचिवला, आणि तिनं ते खुपसू दिलं.

बाबा पिंजऱ्यांकडून मागं फिरले. मग त्यांनी गाडीवाल्याला हातानंच खूण केली, जा परत. वुकानी बूट सोडवत उठायला लागला, तर त्यांनी त्याच्या खांद्यावर हात दाबून त्याला खाली बसवलं.

"ताटावरून उठायचं नाही," ते म्हणाले. "सुनेनं पहिल्यांदा वाढलंय."