साठ माणसांचं सूप

सूनबाईने डावातलं थेंबभर सूप तळहातावर घेऊन चाखलं, "झालं की," म्हणाली आणि गॅस बंद केला. पाव कापणारे हात थांबले.

"चाखलंस?" सासूबाईंनी विचारलं.

"जरासंच. छान झालंय."

"इथे कोणी चाखत नाही. जेवण पाहुण्यांचं आहे. त्यांच्या आधी आपण तोंड घालायचं नाही. तीन वर्षांत कोणी घातलेलं नाही."

सासूबाईंच्या या अन्नछत्रात सूनबाईचा तो पहिलाच गुरुवार होता, म्हणून तिला माफी मिळाली. पण मदतीला येणाऱ्या गणिताच्या सरांनी गॅस पुन्हा पेटवला. सर निवृत्त झाले होते, त्यांचं गणित झालं नव्हतं.

"दहा माणसांचं सूप वीस मिनिटांत होतं," ते म्हणाले. "तर साठ माणसांचं किती वेळात होईल?"

"आता झालंय तेवढ्यात."

"दोन तासांत. त्रैराशिक शिकवत नाहीत का हल्ली?"

सूनबाईने सासूबाईंकडे पाहिलं. त्या सरांकडे कौतुकाने बघत होत्या. घरी बारा वर्षं सूनच रांधत होती, पण सासू शिकवायला निघाली की आपलं शहाणपण गुंडाळून ठेवायचं, एवढं ती लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात शिकली होती. ती पाव कापायला बसली.

दोन तासांत आधी गाजरं विरघळली, मग बटाटे. पातेल्यात उरली ती जाहिराती चिकटवायची खळ. डाव त्यात आधाराशिवाय उभा राहत होता.

रस्त्यावर राहणारी साठ माणसं हात धुऊन रांगेत उभी राहिली. सासूबाई दारात थांबून प्रत्येकाला "या, बसा" म्हणत होत्या. सासरे गेल्यावर दोन वर्षं त्या खोलीबाहेर पडल्या नव्हत्या. त्यांना बाहेर काढलं ते या पातेल्याने, आणि त्याबद्दल सूनबाई त्या पातेल्याच्या पाया पडायलाही तयार होती. फक्त त्यातलं कुणाला वाढायला तिचा हात होत नव्हता.

रांगेत पहिले होते पितळी बटणांच्या कोटातले एक म्हातारे. सैन्यात कधीच नव्हते, पण सगळे त्यांना कर्नल म्हणत.

"काका, आज कमीच घ्या," सूनबाई हळूच म्हणाली.

"भरून घाल, पोरी. बाई बघताहेत."

"सगळे दर गुरुवारी हे खाता?"

"सगळे? छे, मरतील." कर्नलांनी आवाज खाली आणला. "पाळ्या लावल्यात. एका गुरुवारी पुलाखालचे, दुसऱ्या गुरुवारी बाजारातले, तिसऱ्या गुरुवारी स्टेशनबाहेरचे. मोजून साठ पाठवतो."

"आणि तुम्ही?"

"मी नेहमीचा. ओळखीचं कोणी दिसायला नको का बाईंना?"

"पण कशासाठी?"

"पहिल्या गुरुवारी आम्ही चौघेच आलो होतो. बाई दारात उभ्या राहून रस्त्याकडे बघत होत्या. मागे हे एवढं पातेलं. मला बघवेना." त्यांनी वाटी सांभाळून उचलली. "बाकीचे दिवस चांगलं जेवतो आम्ही. काळजी करू नको."

सूनबाईला हसू आलं. ती वाढत राहिली.

जेवणं उरकली. एकाही वाटीत काही उरलं नव्हतं. सासूबाई हॉलच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा फुलला होता.

"तुमची भूक बघून एक ठरवलंय," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यापासून नुसता गुरुवार नाही. रोज."

कुणाच्या तरी हातातून चमचा पडला. मागच्या बाकावरून बारीक आवाज आला, "रोज?" कर्नल बोटांवर पाळ्या मोजू लागले आणि अर्ध्यातच थांबले.

आता हे कुणीतरी सांगायला हवं होतं. पण सांगणारा सासूबाईंना पुन्हा त्या खोलीत ढकलणार होता.

कर्नल उठले. कोटाचं वरचं बटण लावून म्हणाले, "बाई, हे जेवण कुणाचं?"

"तुमचं."

"नक्की?"

"म्हणजे काय, तुमचंच."

"मग आज आमच्याकडे जेवायला बसा. आमची पोटं भरली आहेत, आमच्या आधी तोंड घातल्यासारखं व्हायचं नाही."

सासूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. नियम त्यांचाच होता आणि शब्दही त्यांचाच. त्या बसल्या. कर्नलांनी स्वतः वाढलं, भरून. साठ माणसं टक लावून बघत राहिली.

पहिला चमचा तोंडात गेला. चावण्यासारखं काही नव्हतं, तरी सासूबाई बराच वेळ चावत होत्या. मग त्या पाणी प्यायल्या.

"नेहमी असंच असतं?" शेवटी त्यांनी विचारलं.

कर्नलांना खोटं बोलवेना.

"आज जरा बरं आहे," ते म्हणाले.

सासूबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी सरांकडे पाहिलं, सरांनी छताकडे. आता या उठतील, घरी जातील आणि दार लावून घेतील, असं सूनबाईला वाटलं. पण सासूबाईंनी वाटी जवळ ओढली आणि एकेक चमचा करत तळापर्यंत संपवली. तीन वर्षांत इथे कुणी काही टाकलं नव्हतं.

"रोजचं ठरलं ते ठरलं," तोंड पुसून त्या म्हणाल्या. "पण आधी चव बघायला कोणीतरी लागेल. कोण बघणार?"

साठ हात वर झाले. सरांनी सवयीने मोजले, तर एकसष्ट भरले. सूनबाईच्या वर केलेल्या हातात डाव होता.