पाच वाजता चोराचं नाव

"चोर आहे तो! दिवसाढवळ्या डाका घातलाय!"

निवृत्त प्राध्यापकांनी टेबलावर मूठ आपटली. चहा हिंदकळला. कप नेहमीप्रमाणे जाड लाकडी पाटीवर होता. बायको बँकेतून निवृत्त झाली तेव्हा सहकाऱ्यांनी तिला तिच्या काउंटरची ती पाटी भेट दिली होती. सरांनी ती पालथी घालून कपाखाली घेतली. तिच्यावर काय लिहिलंय, हे त्यांनी कधी वाचलं नव्हतं.

"कोण चोर?" शर्टाला बटण लावता लावता बायकोने विचारलं.

"तो दाढीवाला ब्लॉगर! बँक आधी कर्ज देते आणि त्यातूनच ठेव जन्माला येते, हा माझा सिद्धांत. नऊ वर्षांपूर्वी मी ब्लॉगवर मांडला. आता माझं पुस्तक येतंय, तर हा उपटसुंभ तो स्वतःचा म्हणून मिरवतोय. आज पाच वाजता चोराचं नाव जाहीर करतो, असं वाचकांना सांगून टाकलंय मी."

"नक्की जाहीर करणार?"

"नावानिशी!"

"मग पुराव्यासकट करा," ती म्हणाली आणि दोरा दाताने तोडला.

सरांनी दाढीवाल्याला फोन लावून तोंडाला येईल ते सुनावलं. तो मुळीच चिडला नाही. त्याचाच सरांना जास्त राग आला.

"सर, मी कित्येक वर्षं याच्या उलट लिहीत होतो. एका शिक्षिकेचा ब्लॉग वाचून मत बदललं. लेखाखाली लिंक दिलीये. तुम्ही लेख शेवटपर्यंत वाचत नाही वाटतं?"

सरांनी फोन आपटला आणि लिंक उघडली. शिक्षिकेच्या लेखाखालीही एक लिंक होती. ती थेट सरांच्याच ब्लॉगवर गेली.

"बघ! शेवटी माझ्याच दारात आले की नाही सगळे!"

पण हा लेख जुना होता. बँक ठेवी घेते आणि त्याच कर्जाऊ देते, असं त्यात सरांनी ठासून लिहिलं होतं. खाली एक प्रतिक्रिया होती.

"सर, मी बँकेत कर्जं देते. कर्ज मंजूर झालं की आम्ही ग्राहकाच्या खात्यात रक्कम लिहितो. ती कुणाच्याही ठेवीतून उचलत नाही. ठेव तिथेच तयार होते. – काउंटर चार."

त्याखाली सरांचं उत्तर: "बाई, कारकुनांनी सिद्धांताच्या फंदात पडू नये. शिक्के मारा."

सरांनी तारीख पाहिली. त्यांच्या सिद्धांताच्या बरोबर दोन महिने आधीची.

त्यांनी चहासाठी हात पुढे केला, तर कप जागेवर नव्हता. बायकोने तो बाजूला ठेवला होता आणि पाटी सुलटी केली होती.

कर्ज विभाग. काउंटर ४.

"पाच वाजले," ती म्हणाली. "टाका चोराचं नाव."