गुरुवारचा शेवटचा खेळ

“येतोस?” कोरिनने विचारलं.

“नको. मी बसतो गाडीत.” वेसने स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. “घरीच बघायचास की. मंगळवारपासून टीव्हीवर आलाय.”

“बघितला.”

बघितला होता खरा. पण शेवटी नावं वर सरकायला लागली, तसा सिनेमा आक्रसून कोपऱ्यात जाऊन बसला आणि दुसऱ्याच कुठल्या सिनेमाची उलटी मोजणी सुरू झाली. रिमोट सोफ्याच्या फटीतून निघेपर्यंत पडद्यावर भलतीच माणसं नाचत होती. पुन्हा मागे नेऊन बघायचं बळ तिला उरलं नाही.

बरबँकच्या थिएटरात आता त्याचा एकच खेळ राहिला होता, गुरुवारी दुपारी पावणेदोनचा. शुक्रवारी नवे सिनेमे लागणार. पूर्वी असला कार्टूनचा सिनेमा तीन-तीन महिने ठाण मांडून बसायचा, पोरं आईबापांना ओढून दोनदा-तीनदा न्यायची. आता चारशे माणसं चार वर्षं राबतात आणि अठराव्या दिवशी सिनेमा घरी पोचतो. थिएटरात त्यानंतर जो राहतो, त्याला कुणी विचारत नाही. कोरिन त्या चारशेंतली. सिनेमातल्या बगळ्याची ओली पिसं तिच्या हातची होती.

स्टुडिओने आपल्या माणसांसाठी ठेवलेल्या खेळाला ती गेली नव्हती. तिथे नावं सरकताना जो तो आपापल्या दोस्तांसाठी टाळ्या पिटतो. सगळ्यांत जास्त टाळ्या पडतात त्या अगदी शेवटी, सिनेमा बनत असताना कामावरच्या माणसांच्या घरी जन्मलेल्या बाळांच्या यादीला. त्या यादीत ओपल होती. ओपल, तिची आणि वेसची मुलगी, अकरा आठवडे जगली. नाव काढायचं का, असं ऑफिसातून दोनदा विचारून झालं. कोरिनने उत्तर दिलं नाही, म्हणून नाव राहिलं.

ते तिला एकदा मोठ्या पडद्यावर बघायचं होतं. बघून काय होणार, हे कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. पण आज हुकलं की हुकलंच.

आत जेमतेम सात माणसं होती. बगळा उडाला, पडला, पावसात भिजला. पिसं छान जमली होती. लोक हसले तिथे ती हसली नाही, आणि रडायच्या जागी रडलीही नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं तिचं गेलं वर्षभर चाललं होतं.

सिनेमा संपला. नावं सुरू झाली न झाली तोच दिवे अर्धे लागले. एक बाप दोन पोरांना घेऊन निघून गेला. मागची दोन माणसं उठली. फक्त तिच्या पुढच्या रांगेत एक जोडपं बसून राहिलं. बाईचे दिवस भरत आले होते. पॉपकॉर्नचा डबा तिने पोटावरच टेकवला होता.

“चल की. संपला,” नवरा म्हणाला.

“गप्प बस. बाळांची नावं शेवटी असतात, बहिणीने सांगितलंय. तुझ्या डोक्यातून एक तरी नाव निघालंय का आजवर?”

“रॉस्को सांगितलं होतं.”

“ते तुझ्या मामाच्या कुत्र्याचं. आणि मुलगी आहे आपली.”

नावं सरकत होती. कोरिनचं स्वतःचं नाव आलं नि गेलं. मग गाण्यांची माहिती, आभार, आणि मग ती यादी आली. बाई मोठ्याने वाचू लागली.

“एझरा. फ्रीडा, नको. कॅलम. जुनिपर, काहीतरीच. ओपल. ए, ओपल! ओपल कसं आहे?”

“म्हातारीचं वाटतं.”

“तुला काय कळतंय!” बाईने मान वळवली. “अहो, तुम्ही सांगा. ओपल कसं वाटतं?”

कोरिनची नजर पडद्यावरच होती. नाव वरच्या कडेला पोचलं आणि गेलं.

“चांगलं आहे,” ती म्हणाली. “हाक मारायला सोपं.”

“माहितीत आहे का तुमच्या कुणी?”

“आहे.”

“कशी आहे हो? म्हणजे स्वभावाने?”

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. लोक विचारत ते तिच्याबद्दल, झोप लागते का, जेवतेस का.

“चिडकी. भूक लागली की घर डोक्यावर घेते. आणि कुणी शिंकलं की हसते.”

बाई खळखळून हसली. “मग आमचीच ती! ऐकलंस? ठरलं. ओपल.”

“ठरलं तर ठरलं बाई,” नवरा म्हणाला आणि तिला हाताला धरून उठवू लागला. जाताना तिने कोरिनला पॉपकॉर्नच्या हातानेच टाटा केला.

बाहेर लख्ख ऊन होतं. वेस तसाच बसला होता, हात स्टिअरिंगवर. कोरिनने आत बसून पट्टा लावला.

“दिसलं?”

“हो. तीन-चार सेकंद.”

त्याने मान हलवली. गाडी सुरू केली नाही.

“पुढे एक बाई होती,” कोरिन म्हणाली. “आठवा-नववा महिना. तिला नाव आवडलं. मुलीचं ठेवणार आहे.”

वेस तिच्याकडे वळला.

“तू सांगितलंस तिला?”

“नाही,” ती म्हणाली. “सांगितलं असतं तर तिने घेतलं नसतं.”