जबानी लिहिणाऱ्या बायका

पहारीचा पहिला घाव दारावर बसला, तेव्हा मावशी अजून संगणकावरच्या अक्षरांशीच झुंजत होती. चुकून कुठलंसं बटण दाबलं गेलं आणि पानभर मजकूर लाल, तिरपा होऊन बसला होता.

नवऱ्याच्या मारातून पळून आलेल्या बायकांना मावशीच्या त्या तीन खोल्यांत आसरा मिळे. आलेल्या बाईची जबानी लिहायची, पोलिसांना पाठवायची आणि लगेच मागच्या गल्लीतल्या गाडीतून बाईला दूरच्या गावी पोचवायचं. लिहायला आसपासच्याच बायका येत, फुकट, आपापलं घर सांभाळून. त्यांच्यासाठी भाच्याने लिहिण्याचा प्रोग्राम स्वतः रचून दिला होता. साचे, रंग, चौकटी, शेरे, आपोआप होणाऱ्या दुरुस्त्या. त्याने कशातही हात आखडता घेतला नव्हता.

"अरे, मला कांदा चिरायचाय आणि तू तलवारींचं दुकान मांडलंयस," मावशी म्हणाली होती.

"सवय होईल गं. नाचता येईना, अंगण वाकडं!" भाचा हसला होता.

आताही तो तिच्या खुर्चीमागे उभा राहून शिकवत होता. समोर सुजलेल्या डोळ्याची बाई बसली होती. सकाळी तिने सगळं सांगितलं होतं. मधेच अर्धं पान गडप झालं, म्हणून पुन्हा सांगितलं होतं. जबानी जाईना, म्हणून मागच्या गल्लीतली गाडी खोळंबून उभी होती.

दुसऱ्या घावाला कडी उखडली. बाईचा नवरा आत घुसला. मावशी आडवी गेली; पहार खांद्यावर बसली आणि ती मटकन खाली कोसळली. भाच्याने हात वर केला, तर मनगट काडकन मोडलं. मग नवऱ्याने बायकोचे केस धरले आणि तिचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. पुन्हा आपटलं.

"सांग आता! सांग सगळ्यांना!"

भिंतीवर रक्त उडालं. गाडीचा ड्रायव्हर मागच्या दाराने धावत आला. त्याने हातातला जॅक नवऱ्याच्या गुडघ्यावर घातला, तेव्हा कुठे ते केस सुटले.

डोळ्यांदेखत झालं म्हणून पोलिसांनी भाच्याचीच जबानी मागितली. प्लास्टरातला हात गळ्यात अडकवून तो डाव्या हाताने लिहायला बसला. प्रोग्रामने आधी साचा विचारला. मग विभाग. त्याने कसंबसं 'जबडा फुटला' लिहिलं, तर खाली लाल रेघ ओढून प्रोग्रामने सुचवलं, 'जोडा तुटला'. भाच्याने प्रोग्राम बंद केला. मग शेजारच्यांकडून कागद मागून आणला आणि त्यावर लिहून दिलं. त्यानंतर त्याने प्रोग्राम पुन्हा उघडला आणि तण उपटावं तसं एकेक बटण उपटून काढलं.

बाई परत आली ती जबड्यात तारा घालून. बोलणं बंद. मावशीने पडद्याकडे पाहिलं. नुसतं पांढरं पान.

"यात दाबायचं काय रे?"

"काही नाही. लिहायचं."

मावशी खांदा सावरत उठली आणि बाईलाच तिने आपल्या खुर्चीत बसवलं. बाई एका बोटाने, अक्षर शोधत शोधत लिहू लागली. भाचा मागे उभा होता. कुणाला काही विचारावं लागलं नाही. पहिलं वाक्य पुरं झालं :

'तो आला त्याच्या कितीतरी आधी माझं सांगून झालं होतं.'