वाढत्या अंगाची सायकल

२०२२ सालची गोष्ट. बारावीचा निकाल नुकताच लागला होता. नगरच्या एका सायकलच्या दुकानात ज्ञानेश्वरी भिंतीला पाठ लावून अनवाणी उभी होती. दुकानदार पंकजने जाड पुठ्ठ्याचं एक पुस्तक रंगुबाईंच्या हातात दिलं आणि पोरीचं माप आत्यानंच घेतलेलं बरं, म्हणून तो काउंटरमागे जाऊन उभा राहिला. रंगुबाईंनी पुस्तक भाचीच्या दोन्ही पायांमध्ये वर टेकवलं. तिथून जमिनीपर्यंत टेप सोडली.

आकडा ऐकून पंकजने हिशेब केला. हिला एकोणपन्नास सेंटीमीटरची फ्रेम लागेल.

ज्ञानेश्वरीचा बाप कारभारी शेजारच्या चोपन्नच्या सायकलीवरून हात फिरवत होता. राहुरीजवळच्या त्यांच्या घरात आजवर पोरांसाठी काही मापाचं आलंच नव्हतं. शाळेचा ड्रेस खाली चार बोटं दुमडलेला, चपलेत पुढे चिंधी कोंबलेली. घ्यायचं ते वाढत्या अंगाचं. शिवाय दोन्ही सायकलींचा भाव एकच. मग लहान घेणारा येडाच म्हणायचा.

पंकजने समजावून पाहिलं. फ्रेम मोठी झाली की हँडल लांब पडतं. मान अवघडते, हाताला मुंग्या येतात. घाट लागला की पोरगी सायकल चालवणार नाही, नुसती धरून बसेल. सीट खाली घेता येते, पण फ्रेम काही लहान करता येत नाही. आणि अठराव्या वर्षी मुलीची उंची आता किती वाढणार?

"वाढंल की," कारभारी म्हणाला. "आमच्यात पोरी लई उशिरापर्यंत वाढत्यात."

राज्याच्या सायकल स्पर्धेत ज्ञानेश्वरीनं पदक मिळवलं ते शाळेतल्या सरांच्या उसन्या सायकलीवर, ती परत गेली होती. पण नवी आली तरी ती चालवायची किती दिवस? रविवारी नेवाशाचे पाहुणे तिला बघायला येणार होते. लग्नानंतर सायकल-बियकल चालणार नाही, हे त्यांनी आधीच कळवलं होतं. कारभारीला दोन्ही हवं होतं. सत्काराच्या वेळी गावापुढं दिलेला सायकलीचा शब्दही राखायचा होता आणि बागायतदाराचं स्थळही.

रंगुबाई टेप गुंडाळत होत्या. त्या लहानपणापासून अंगानं थोराड. चौदाव्या वर्षी त्यांना बघायला पाहुणे आले, तेव्हा वडिलांनी सांगितलं होतं की पोरगी वाढून झाली. त्यानंतर त्या चांगल्या वीतभर वाढल्या, सासरी.

"कारभारी, पोरगी अजून वाढायची म्हनतोस?" त्यांनी भावाला विचारलं.

"व्हय, आक्का."

"मंग नेवाशालाबी तसंच सांग. लहान हाय म्हनावं, अजून वाढती हाय. दुकानात वाढती आन् पाव्हण्यांपुढं वाढून झाली, असं एका तोंडानं दोन्ही न्हाई बोलायचं."

कारभारीनं सायकलीवरचा हात काढला. लेकीकडं बघितलं. ती अजून अनवाणीच उभी होती. तो बाहेर गेला.

काचेतून तो दिसत होता. कानाला मोबाईल, मान खाली, चपलेच्या टाचेनं माती उकरणं चाललेलं. बराच वेळ बोलला. मधेच हात जोडल्यासारखं केलं. स्थळ मोडलं, हे रंगुबाईंना कळलं. पण भाऊ हट्टी, आता बोलल्याला जागायला म्हणून चोपन्नचीच घेणार, हेही त्यांना ठाऊक होतं.

कारभारी आत आला.

"एकोणपन्नासची काढा," तो पंकजला म्हणाला. "आन् नेवाशाकडनं कुनी इचारलं, तर चोपन्नची दिली म्हना."

नेवाशाच्या मुलाचं लग्न त्याच वर्षी दुसरीकडं झालं. पंकजने दुकान हायवेला नेलं. रंगुबाई गेल्या हिवाळ्यात वारल्या. ज्ञानेश्वरी विद्यापीठाच्या संघात आहे, सुट्टीत आली की पहाटे मुळा धरणापर्यंत जाऊन येते. स्थळं अजून येतात. कारभारी दर दिवाळीला लेकीला दाराच्या चौकटीशी उभं करून पेन्सिलीनं खूण करतो आणि येणाऱ्याला दाखवतो, पोरगी अजून वाढती हाय. खूण दरवर्षी बोटभर वर सरकते. ज्ञानेश्वरी होती तेवढीच आहे.