हवं-नको

लॅपटॉपचा पंखा घरघरला आणि दुपारच्या शांततेवर चरा उमटला. मुंगीने टेबलावर तळवा टेकवला. थरथर हाताला लागली, तशी तिने मान डोलावली आणि चालू झालं असं आईला बोटांनी सांगितलं. मुंगीला ऐकू येत नव्हतं. जन्मापासूनच नव्हतं. सात वर्षांत घरातल्या सगळ्यांना हातांनी बोलायची सवय झाली होती, आणि तोंडात घास असतानाही भांडता येतं हा त्यातला मोठाच फायदा होता.

लॅपटॉप आईच्या ऑफिसने टाकून दिलेला. तिथले कॉम्प्युटर सांभाळणं हेच आईचं काम, त्यामुळे तो आपसूक तिच्या पदरात पडला होता. त्यात तयार सिस्टीम घातली असती तर तासाभरात उरकलं असतं. पण मशीन म्हातारं होतं, तयार सिस्टीमच्या ओझ्याखाली धापा टाकायचं. म्हणून आईने ही दुसरी निवडली होती. तयार फ्रॉक नव्हे, शिवून घ्यायचा. खिसा हवा की नको, लेस हवी की नको, सगळं आधी एका यादीत लिहून द्यायचं. मग मशीन त्याबरहुकूम एकेक तुकडा स्वतःच बेततं आणि शिवतं. यादीतल्या शब्दाआधी वजाचं चिन्ह टाकलं की ती गोष्ट गळाली. मागाहून हवीशी वाटली तर पुन्हा उसवणं आलं. जितकं कमी, तितकं लवकर. लोक तयार फ्लॅट घेतात आणि तू विटा भाजायला बसलीस, असं बाबा सकाळीच म्हणून मोकळा झाला होता.

घाई होती. सगळं शिवून व्हायला दोन दिवस लागणार होते आणि बुधवारी मुंगीचं ऑपरेशन होतं. कानामागे चीर देऊन आत एक लहानसं यंत्र बसवायचं, मग हळूहळू ऐकू यायला लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. आधीच उशीर झालाय, आता आणखी नको, असंही म्हणाले होते. आईबाबांनी संमतीपत्रावर सह्या केल्या होत्या. मुंगीला एवढंच माहीत होतं की बुधवारी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं, दोन रात्री तिथे राहायचं आणि मग आठवडाभर शाळा नाही. बाकीचं मंगळवारी सांगू, असं दोघांचं ठरलं होतं. आधीपासून पोरीच्या जिवाला घोर कशाला. त्या आठवड्यात घरात पडल्या पडल्या हाताशी काहीतरी असावं, म्हणून हा लॅपटॉप.

तो तिचा, म्हणून यादीही तिचीच. आईने तसं कबूलच केलं होतं. आई एकेका शब्दावर बोट ठेवायची, त्याने काय होतं ते हातांनी समजावायची आणि विचारायची, हवं की नको?

मुंगी चोखंदळ गिऱ्हाईक निघाली. कॅमेरा हवा, कारण मैत्रिणीशी बोलायचं तर हात दिसले पाहिजेत. छपाई हवी, कारण पालींची चित्रं काढून आत्याला पाठवायची होती. आत्या पालींना घाबरायची. ब्लूटूथ म्हणजे काय ते तिने दोनदा समजावून घेतलं आणि नको म्हणून टाकलं. स्पेलिंग तपासणारा शब्दकोशही नको. तुझ्या फार चुका होतात, आईने आठवण करून दिली. माझ्या आहेत ना, मुंगी म्हणाली, मग मशीनने कशाला नाक खुपसायचं. आईने निमूट वजा टाकला.

दर वजामागे अर्धा तास वाचत होता. मुंगी वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक अर्ध्या तासाला एक काडी मारत होती. आई तिच्याकडे बघत राहिली. लेकीचं हवं-नको बघण्यात आपण कुठे कमी पडलो नाही, असं तिला वाटलं, आणि त्या वाटण्याने तिला बरं वाटलं.

यादी संपत आली. आईचं बोट एका शब्दापाशी आलं, जरासं थांबलं आणि पुढे गेलं. वजा टाकला नाही. विचारलंही नाही. जॉयस्टिक, ती घाईने म्हणाली, खेळायची दांडी, हवी की नको?

मुंगीने तिचं मनगट धरलं, मागे ओढलं आणि बोट त्या सुटलेल्या शब्दावर नेऊन ठेवलं.

आवाज, आईने सांगितलं. गाणी, घंटा, बोलणं, ते सगळं.

याला किती वेळ लागतो, मुंगीने विचारलं. आईला खोटं सांगता आलं असतं. तीन तास, ती म्हणाली.

तीन तास म्हणजे सहा काड्या. मुंगीने वहीकडे पाहिलं, मग आईकडे. दुकानदार मापात पाप करताना सापडला की त्याच्याकडे पाहावं, तसं. विसरलीस, ती म्हणाली. टाक वजा.

आईने टाकला नाही.

"राहू दे गं तो," ती म्हणाली. "लागेल."

मुंगीने विचार केला. बाबाच्या फोनची गोष्ट वेगळी होती, त्याला ऐकू यायचं. आईच्या लॅपटॉपचीही वेगळी. हा तर तिचा. तिला राग आला नव्हता, फक्त गणित सुटत नव्हतं. एव्हाना आईने मान खाली घातली होती आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून दिले होते. मुंगीने तिची हनुवटी धरून तोंड वर केलं, आपले हात तिला नीट दिसतील इतकं, आणि विचारलं,

"आवाज कोणाला हवाय?"